पडणाऱ्या झाडाचा वारस

एप्रिलच्या अखेरीस वळवाचा पाऊस आला आणि आमच्या बागेतला गुलमोहर आडवा झाला. फाटकातून आत शिरलं की उजव्या हाताला, घसरगुंडीच्या मागे उभा असायचा. दुसऱ्या दिवशी करवत घेऊन माणसं आली, संध्याकाळपर्यंत फांद्या ट्रकमध्ये गेल्या. आठवड्याभरात बुंधाही निघाला आणि मे संपायच्या आत त्या जागेवर लाल-करडे पेव्हर ब्लॉक बसून ओपन जिमचं एक यंत्र उभं राहिलं. बागेत फिरायला येणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस हळहळ झाली. कुणी फुललेल्या गुलमोहराचे जुने फोटो टाकले, कुणी 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. मग पाच जून उजाडला. आम्ही सगळ्यांनी मिळून, महापालिकेकडून आलेली पन्नास रोपं कुंपणाच्या कडेने लावली. टोप्या होत्या, बॅनर होता, शेवटी वडापाव होता. गुलमोहर होता तिथे मात्र एकही रोप लागलं नाही. तिथे यंत्र होतं.

त्या पन्नासांतली सहा रोपं मी माझ्या हाताने लावली आहेत, त्यामुळे पुढे जे लिहितो आहे त्यात मीही आलोच.

गेली काही वर्षं हे पाहताना एक गोष्ट मनात पक्की होत गेली. झाडं लावणं हे एक काम आहे आणि गेलेल्या झाडाच्या जागी झाड आणणं हे दुसरं. पहिल्यासाठी माणसं गोळा होतात, पैसे मिळतात, फोटो निघतात. दुसऱ्याला ना दिवस नेमलेला, ना बॅनर. सार्वजनिक बागेसाठी नागरिकांनी एकत्र येऊन करण्यासारखं खरं काम मात्र हे दुसरंच, आणि ते झाड पडायच्या आधी दहा वर्षं सुरू व्हायला हवं.

आपल्या शहरांतल्या बऱ्याच बागा एका झटक्यात लावल्या गेल्या. ले-आउट मंजूर झाला, मोकळी जागा महापालिकेकडे आली, भिंत बांधली, आणि एक-दोन पावसाळ्यांत सगळी झाडं लागली. लवकर वाढणारी, लवकर सावली देणारी, रोपवाटिकेत ढिगाने मिळणारी: मादागास्करचा गुलमोहर, अमेरिकेतून आलेला पर्जन्यवृक्ष, आग्नेय आशियातला सोनमोहर. एकाच वेळी लावली म्हणून ती एकाच वेळी तरुण झाली, आणि आता एकाच वेळी म्हातारी होताहेत. रानात असं होत नाही. तिथे आजोबा, बाप आणि नातू एकाच सावलीत उभे असतात. एक पडला की त्याच्या उजेडात दुसरा वर येतो. बागेत नातू कधी लावलाच नाही. खाली हिरवळ राखायची म्हणून आपसूक उगवलेलं रोपही माळ्याने उपटलं, कारण त्याला तसंच सांगितलेलं होतं.

परदेशी झाडांना सरसकट शिव्या घालणाऱ्यांतला मी नाही. दादरच्या शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून ज्यांनी तारुण्य घालवलं, त्यांच्या डोक्यावर पर्जन्यवृक्षांनीच छत्र धरलं. पण त्याच मुंबईत २०११ नंतरच्या काही वर्षांत पर्जन्यवृक्षांवर पिठ्या ढेकूण ही रस शोषणारी कीड पडली आणि उंचच उंच झाडं उभ्या उभ्या वाळली. एकाच जातीवर भिस्त ठेवल्याचा हा दंड. ब्रिटनने तो आपल्याआधी आणि फार मोठा भरला. तिथे १९७० नंतर एका बुरशीने अडीच कोटींच्या आसपास एल्म वृक्ष मारले. असल्याच अनुभवांवरून फ्रँक सँटामोर या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९९० मध्ये एक ढोबळ नियम मांडला: शहरातल्या एकूण झाडांत एका जातीची दहा टक्क्यांहून जास्त नसावीत, जवळच्या जातींच्या एका प्रजातीसमूहाची वीसहून आणि असे समूह मिळून होणाऱ्या एका कुळाची तीसहून.

हा नियम वाचल्यावर एका रविवारी मी आमच्या बागेतली मोठी झाडं मोजली. एक्केचाळीस. त्यात सोळा सोनमोहर, नऊ गुलमोहर, पाच पर्जन्यवृक्ष. ही तिन्ही शेंगांच्या कुळातली. म्हणजे जिथे तीस टक्क्यांची मर्यादा, तिथे आम्ही सत्तरीच्या पुढे. आता यावर कुणी म्हणेल, मग देशी झाडं लावा. जरूर लावावीत. पण देशी म्हणून आपण हौसेने काय लावतो? बहावा, करंज, पळस, पांगारा. हीसुद्धा सगळी त्याच कुळातली! हे कळल्यावर मी स्वतःवरच हसलो, कारण आमच्या पाच जूनच्या पन्नासांत वीस करंज आणि दहा बहावे होते. ताम्हण, कदंब, बकुळ, मुचकुंद, अर्जुन, पुत्रंजीव, वावळ ही नावं यादीत असायला हवी होती. रोपवाटिकेत जे मिळालं ते आणलं आणि खड्ड्यात घातलं, इतका सरळ मामला.

कायदा काय म्हणतो हेही बघायला हवं. 'महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम' १९७५ चा आहे. वृक्ष प्राधिकरण त्यातूनच आलं, दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायची जबाबदारीही त्यातलीच. वर्षातून एकदा तरी फुला-फळांचं प्रदर्शन भरवायचं कामही कायद्याने प्राधिकरणाला दिलं आहे. ते बहुतेक ठिकाणी मोठ्या उत्साहात पार पडतं. याच कायद्यात तोडलेल्या झाडाच्या बदल्यात त्याच जागी किंवा दुसऱ्या योग्य जागी तीस दिवसांत झाड लावावं अशी तरतूद आहे, आणि मुदत वाढवूनही मिळते. हेतू चांगला. पण फेब्रुवारीत झाड तोडलं तर तीस दिवस मार्चमध्ये संपतात. दख्खनच्या पठारावर मार्चमध्ये रोप लावणं म्हणजे त्याला उन्हात उभं करून ठार मारणं. मुदत वाढवून मिळाली की ती जागा विसरली जाते. आमच्या गुलमोहराचं तेच झालं.

२०२१ च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट आणली. पन्नास वर्षांपुढचं झाड वारसा वृक्ष ठरलं, आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावायची असं ठरलं. सहा ते आठ फुटांची रोपं, आणि सात वर्षं त्यांची निगा. ऐकायला न्याय्य वाटतं. साठ वर्षांच्या झाडाला साठ रोपं. पण बागेत साठ रोपांना जागा कुठली? ती जातात शहराच्या कडेला, एखाद्या मोकळ्या भूखंडावर किंवा डोंगरउतारावर. हिशेबाच्या वहीत एकाचे साठ झाले. बाकावर बसणाऱ्या माणसाच्या डोक्यावरचं मात्र एक गेलं ते गेलंच. सावली ही जागेला बांधलेली वस्तू आहे. पुण्याच्या एका टोकाच्या खराडीतल्या झाडाने दुसऱ्या टोकाच्या कोथरूडच्या बाकावर ऊन अडत नाही. त्यामुळे 'किती झाडं' या प्रश्नापेक्षा 'त्या जागी काय' हा प्रश्न नागरिकांनी धरून ठेवला पाहिजे. आकड्यांच्या मागे गेलं की काय होतं हे आपण राज्यभर पाहिलंच. २०१६ मध्ये दोन कोटी, मग चार, मग तेरा, आणि २०१९ च्या पावसाळ्यात तेहतीस कोटी वृक्षांचं लक्ष्य. त्यातली जगली किती, याची चौकशी करायला २०२१ मध्ये विधिमंडळाची समिती नेमावी लागली. अधिक बोलण्यात अर्थ नाही.

पाच जूनबद्दल मात्र बोलावंसं वाटतं. ही तारीख स्टॉकहोमची. १९७२ मध्ये संयुक्त राष्ट्रांची पर्यावरण परिषद तिथे पाच जूनला सुरू झाली, म्हणून तो दिवस. स्वीडनमध्ये तेव्हा हवा छान असते. आपल्याकडे रोहिणी नक्षत्राचा शेवट चाललेला असतो, मृग दोन-तीन दिवसांवर, आणि मृग लागला तरी पाऊस लागतोच असं नाही. पुण्यात जूनच्या दुसऱ्या आठवड्यात चार सरी येतात, मग पंधरा दिवस कोरडे जातात, हा कुणाही शेतकऱ्याच्या ओळखीचा दगा. रोपवाटिकेच्या सावलीतून उचललेलं रोप त्या पंधरा दिवसांत मान टाकतं. शेतात पेरणीसाठी वाफसा, म्हणजे जमिनीतली पेरणीजोगी ओल, बघणारे आपण, बागेत खड्डे मात्र दिनदर्शिका बघून भरतो. मृगानंतरच्या आर्द्रा निघू द्याव्यात, जमीन वीतभर ओली होऊ द्यावी, मग लावावं. आणि पाच जूनला काय करायचं? पाच जूनला गेल्या वर्षी लावलेली मोजावीत. बॅनर हवा तर लावावा. त्यावर आकडा लिहावा, 'मागच्या वर्षीची जगलेली'.

आमच्या पन्नासांचा तो आकडा सांगतो. दुसऱ्या पावसाळ्याच्या तोंडाशी चौदा उरली होती.

का मेली, हे शोधायला संशोधक नको. पाणी. नोव्हेंबर ते मे असे तीस आठवडे, आठवड्यातून दोनदा, एका वेळी वीस लिटर धरलं तर एका रोपाला हंगामाला बाराशे लिटर लागतं. पन्नासांना साठ हजार, म्हणजे दहा हजार लिटरचे सहा टँकर. पैशात हे फार नाही; आमच्या ग्रुपची दिवाळी पहाट याहून महाग पडते. पण वर्षातून साठ वेळा कुणीतरी सकाळी किंवा संध्याकाळी उठून, पाईप ओढून, प्रत्येक आळ्यात पाणी मुरेपर्यंत उभं राहायचं, आणि हे तीन उन्हाळे करायचं. एका सकाळी लावायला ऐंशी जण आले होते. पहिल्या जानेवारीत आम्ही पाच जण उरलो, मार्चमध्ये तीन. परीक्षा सुरू झाल्या, कुणी अमेरिकेला मुलीकडे गेलं, कुणाचा गुडघा दुखायला लागला. यात कुणाला दोष देण्यासारखं काही नाही. माणसं अशीच असतात, म्हणूनच पन्नास लावायची नसतात. आठ लावावीत. पाच माणसं आठ झाडं जगवू शकतात.

बागेतल्या माळ्याला का नाही सांगत, असं विचारलं जातं. सांगतो. एक माळी, तीन बागा, एक पाईप. त्यातून हिरवळ पिवळी पडली की तक्रार लगेच होते, रोप मेलं की होत नाही. मग तो पाणी कुणाला घालणार?

दुसरं कारण जमिनीखाली असतं आणि ते मला फार उशिरा कळलं. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही बागेत एक बकुळ लावला होता. चांगला वाढला, फुलंही आली. सहाव्या वर्षी साध्या वाऱ्यात तिरपा झाला आणि हाताने हलवला तर मुळासकट वर आला. मुळं बघून मी चकित झालो. ती पिशवीच्या आकाराची होती! काळी प्लास्टिकची पिशवी आम्ही काढली होती, पण रोपवाटिकेत वर्ष-दोन वर्षं छोट्या पिशवीत राहिल्याने मुळं आतल्या आत गोल गोल फिरली होती, आणि जमिनीत गेल्यावरही ती तशीच फिरत राहिली. बाहेर पडलीच नाहीत. लावताना त्या मुळांची वेटोळी मोकळी केली असती, खोडाला आवळणारी कापली असती, तर बकुळ आज उभा असता. म्हणून कायद्याने रोपाची उंची सहा-आठ फूट ठरवली हे ठीक, पण पिशवीचं माप कोण बघतो? उंच आणि काडीसारखं रोप छोट्या पिशवीत असेल तर ते घेऊ नये. अंगठ्याएवढ्या खोडाचं, कमी उंचीचं, मोठ्या पिशवीतलं रोप त्याला मागे टाकतं. पुण्यात वरचा हातभर पोयटा गेला की खाली मुरूम लागतो, त्यामुळे खड्डा मीटरभर खोल आणि तितकाच रुंद हवा, आणि ही खोदाई उन्हाळ्यात व्हायला हवी. पाच जूनच्या सकाळी कुदळीने खणलेल्या फूटभर खड्ड्यात जे लावतो ते झाड कमी आणि झेंडा जास्त असतो.

पानांचंही तेच. बागेत पडलेलं पान कचरा समजून रोज झाडून नेतात, कुठे कुठे अजून जाळतात, आणि मग आळ्यातली माती उघडी पडून तापते. तेच पान आळ्यात चार बोटं अंथरलं तर पाण्याच्या पाळ्या कमी होतात. पुण्यात 'ब्राउन लीफ' या नावाने नागरिकांनी वाळक्या पानांची देवाणघेवाण सुरू केली, ज्याच्याकडे पानं आहेत त्याने ती खत करणाऱ्याला द्यायची. इतकी साधी गोष्ट, आणि तरी ती बागेच्या कामाच्या वेळापत्रकात शिरत नाही. तीच गत बुंध्याभोवतीच्या काँक्रीटची. झाडाभोवतीची एक मीटर जागा काँक्रीटमुक्त करा असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीच्या प्रकरणात बजावलं होतं. आपल्याकडे अजून बुंध्याला गोल पार बांधून वर ग्रॅनाइट बसवतात आणि त्याला सुशोभीकरण म्हणतात.

आता नागरिकांच्या उत्साहाचीही जरा तपासणी करू. पुण्याच्या टेकड्यांवर वनखात्याने काही दशकांपूर्वी गिरिपुष्प हे परदेशी, लवकर वाढणारं झाड मोठ्या प्रमाणावर लावलं. ते टिकलं, पसरलं, आणि आज वेताळ टेकडीवर किंवा तळजाईवर चालताना त्याचीच गर्दी दिसते. पाण्याचे कॅन खांद्यावर घेऊन टेकडी चढणारे गट गेली कित्येक वर्षं तिथे देशी झाडं वाढवताहेत. या माणसांपुढे मी हात जोडतो. त्यांच्याकडून शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे घाई न करणं. गिरिपुष्प एकदम साफ करायचं नसतं, त्याच्या विरळ सावलीत नवं रोप पहिले उन्हाळे काढतं. ते वर आलं की जुनं कमी करायचं. बदलणं असं असतं. पण त्याच टेकड्यांवर काही उघडे, गवताळ माथे आहेत. तिथे चंडोल जमिनीवर घरटं करतो, पावसाळ्यात वितीएवढी रानफुलं येतात. उघडी जागा दिसली की आपल्याला ती ओसाड वाटते आणि आपण खड्डे खणायला घेतो. प्रत्येक मोकळ्या जागेला झाड नको असतं. बागेतल्या मुलांच्या मैदानालाही नको असतं.

मियावाकी पद्धतीचंही तसंच. अकिरा मियावाकी हे जपानचे मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ, त्यांच्या पद्धतीत एका चौरस मीटरमध्ये तीन-चार रोपं लावून दाट झाडी उठवतात. मुंबई महापालिकेने २०२० पासून असे अनेक पट्टे लावले. रस्त्याकडेला, धुळीच्या आड, पडीक कोपऱ्यात ते ठीक. पण चार गुंठ्यांच्या बागेत अर्धी जागा असल्या दाटीला दिली तर तिथे बसायचं कुठे? त्या झाडीत झाडं उजेडासाठी सरळ वर धावतात, फांद्या पसरत नाहीत. बागेला लागतं ते पसरणारं झाड, ज्याच्याखाली चार माणसं गप्पा मारतील. कंपन्यांच्या सामाजिक निधीला मात्र मियावाकी फार आवडतं, कारण थोड्या जागेत मोठा आकडा बसतो.

आणि आपली आणखी एक खोड. झाड तोडायला आपण विरोध करतो तो कधी कधी चुकीच्या झाडासाठी. आमच्याच बागेत झोपाळ्यांवर झुकलेला एक सोनमोहर होता, बुंध्यात पोकळी, एका बाजूला बुरशीची छत्री. तो काढायचा म्हटल्यावर ग्रुपने सह्यांची मोहीम काढली. मीही सही केली होती. नंतर एका जाणत्या माळ्याने पोकळीत काठी घालून दाखवली, कोपरापर्यंत हात आत गेला. मुलांच्या डोक्यावर असलं झाड ठेवणं हे वृक्षप्रेम नव्हे. मुंबईतल्या आरेसारख्या ठिकाणी, जिथे हजारो झाडांचा निकाल प्रकल्पासाठी लावला जातो, तिथला विरोध वेगळा आणि तो व्हायलाच हवा. पण मरू घातलेलं झाड आणि मारलेलं झाड यांत फरक करता येत नसेल तर महापालिका आपलं ऐकणार का? बागेच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे कुणी बसत नाही, तिथे वाळलेलं खोड पुरुषभर उंच ठेवून द्यावं, तांबट त्यात बिळासारखं घरटं कोरतो. झोपाळ्यावरचं काढावं. मात्र काढण्याआधी त्याच्याजवळ दुसरं वाढवलेलं असावं.

मुद्दा तिथेच येतो. गावाकडे सातबाऱ्यावर वारसनोंद होते ती बाप गेल्यावर. झाडाची वारसनोंद ते उभं असतानाच व्हायला हवी. बागेतल्या प्रत्येक मोठ्या झाडाचा नंबर, जात, अंदाजे वय, तब्येत, आणि त्याच्यापुढे एक रकाना: याच्या जागी कोण, कुठे, कोणत्या वर्षी लावायचं. एवढी एक वही. हे काम खर्चाचं नाही आणि ते महापालिकेने एकटीने करण्याचंही नाही, कारण बागेत रोज येणाऱ्या माणसाला जे दिसतं ते पाच वर्षांतून एकदा येणाऱ्या गणकाला दिसत नाही. अमुक फांदीला यंदा पालवी आली नाही, तमुक बुंध्याशी भुसा पडतोय, हे ज्येष्ठ नागरिक संघाच्या आजोबांना पहिल्यांदा कळतं. न्यूयॉर्कने २०१५ मध्ये रस्त्यांवरच्या झाडांची गणना केली तेव्हा दोन हजारांहून जास्त स्वयंसेवक त्यात होते. लांब कशाला, आपल्याकडे मुंबईतल्या राणीच्या बागेचं उदाहरण आहे. १८६२ मध्ये उघडलेली ही बाग मुळात वनस्पती उद्यान. गोरखचिंच आणि उर्वशी यांसारखी झाडं तिथे आहेत. २००७ च्या सुमारास तिथल्या प्राणिसंग्रहालयाचा मोठा नवा आराखडा आला तेव्हा काही नागरिक उभे राहिले, आणि त्यांनी आधी काय केलं, तर झाडं ओळखून त्यांची नोंद केली. नुसत्या घोषणांपेक्षा ती यादी भारी पडली. नाशिकमध्ये २०१५ च्या पर्यावरण दिनी फाशीच्या डोंगरावर नागरिकांनी देशी झाडांची देवराई लावली. ती लावली त्या दिवसापेक्षा पुढच्या उन्हाळ्यांमुळे उभी आहे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो खोटा नाही. आम्ही कर भरतो, उद्यान विभाग आहे, माळी आहेत, ठेकेदार आहेत. मग पाईप आम्ही का ओढायचा? मला हे निम्मं पटतं. नागरिकांनी फुकट राबावं आणि त्या आडून माळ्यांची पदं रिकामी ठेवावीत, असं होत असेल तर तो सहभाग नको. मी म्हणतो तो सौदा लेखी असावा. रोपं, खड्डे, जाळी, पाण्याचा नळ आणि माळ्याचा पगार महापालिकेचा. तीन उन्हाळ्यांची देखरेख आणि वही गटाची. बदल्यात गटाला दोन हक्क: कोणतं झाड कुठे लागणार हे ठरवताना मत, आणि छाटणीच्या आधी सूचना. पावसाळ्यापूर्वीची छाटणी हा आपल्याकडे भीषण प्रकार असतो. एका बाजूच्या सगळ्या फांद्या उतरवतात आणि झाड दुसऱ्या बाजूला ओढलं जातं, मग पहिल्या वादळात तेच पडतं. ठेक्यात पैसे खड्ड्यामागे न ठरवता तिसऱ्या वर्षी जिवंत असलेल्या झाडामागे ठरवले तर निम्मा प्रश्न तिथेच सुटेल, असं मला वाटतं.

आणि 'नागरिक' म्हणजे कोण? पहाटे बूट घालून चालायला येणारे आम्ही. आम्ही आलो तेव्हा ऊन नसतं, गेलो तेव्हाही नसतं. सावलीची गरज खरं तर आम्हाला सगळ्यात कमी. ती आहे दुपारी दोन कामांच्या मधल्या तासात टेकायला जागा शोधणाऱ्या घरकामाच्या बायकांना, डिलिव्हरीच्या पोरांना, वॉचमनला. आणि पुण्यातल्या बऱ्याच महापालिका बागांना दुपारी कुलूप असतं! सकाळी उघडतात, दुपारी बंद, संध्याकाळी पुन्हा उघडतात. ज्या वेळी झाड आपलं काम करत असतं त्या वेळी त्याच्याखाली कुणी नसतं. हे इतकं सरावाचं झालंय की आम्हा वृक्षप्रेमींच्या कुठल्याही निवेदनात ही मागणी मी कधी पाहिली नाही. माझ्याही निवेदनात नव्हती. बाग दुपारी उघडी राहिली तर पाणी घालायला हात मिळतील, असाही माझा एक स्वार्थी अंदाज आहे. ज्याला सावली हवी तो झाड मरू देत नाही.

आमच्या गटात आता सहा जण आहेत. वही झाली आहे, एक्केचाळीस झाडांची. मागच्या महिन्यात ती घेऊन आम्ही उद्यान विभागाच्या कार्यालयात गेलो. फाटकाजवळच्या पर्जन्यवृक्षापासून बारा फुटांवर चार पेव्हर ब्लॉक उचलून एक खड्डा हवा, तिथे आर्द्रा निघाल्यावर ताम्हण लावायचा आहे, असा अर्ज होता. साहेबांनी अर्ज वाचला, मोबाईलवरचा पर्जन्यवृक्षाचा फोटो बघितला, मोठा केला, परत बघितला.

"पण हे झाड तर चांगलं उभं आहे," ते म्हणाले.

"हो साहेब," आम्ही म्हणालो, "म्हणूनच आलोय."

त्यांनी अर्जावर शिक्का मारून तो आवक पेटीत टाकला. नंबर मिळाला आहे.